उसाची गवताळ वाढ : निदानाचा इतिहास

उसाच्या पानांची व फुटव्यांची अपसामान्य वाढ घडवून आणणारा एक रोग. या रोगात उसाच्या बेटातून गवतासारखे बारीक व असंख्य फुटवे निघतात, पाने अरुंद, मऊ व कागदासारखी पातळ होतात आणि त्यांचा रंग फिकट पिवळा किंवा पूर्ण पांढरा होतो. अशा बेटात गाळपास योग्य अशी कांडी क्वचितच तयार होते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यांत पान पांढरे पडण्याच्या सर्व प्रकारांना ‘केवडा’ हे एकच नाव बोलीत रूढ आहे. या एका नावाखाली कारणांच्या दृष्टीने अगदी भिन्न असे विकार एकत्र आले असून ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावयाचे, हा या रोगाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

प्रदेश व पीक : भीमा नदीच्या दोन्ही अंगांस वसलेले हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. तेथील ऊस पावसावर नव्हे, तर कालवे, नदीवरील उपसा व विहिरी यांवर अवलंबून असतो. दौंडच्या भागाला खडकवासला धरणाच्या मुठा कालव्याचे, तर शिरूरच्या भागाला घोड व चासकमान या प्रकल्पांचे पाणी मिळते. केडगाव व दौंड परिसरातील गुऱ्हाळे प्रसिद्ध आहेत. पाटस येथील भीमा व न्हावरे येथील घोडगंगा या सहकारी साखर कारखान्यांच्या उभारणीमुळे उसाला गुऱ्हाळाखेरीज दुसरा ग्राहक मिळाला.

या प्रदेशातील दोन गोष्टी निदानाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे नदीकाठच्या व कालव्याखालच्या काळ्या जमिनींत अनेक ठिकाणी चुनखडीचे प्रमाण अधिक असते व पाण्याचा निचरा कमी होतो. अशा जमिनीत लोह असूनही ते पिकाला घेता येत नाही. दुसरी म्हणजे उसाची लागवड बियांपासून न होता टिपऱ्यांपासून होते. हे बेणे पुष्कळदा शेजारच्या शेतातून किंवा नात्यागोत्यातील शेतकऱ्याकडून आणले जाते. पहिल्या गोष्टीमुळे निरोगी बेण्याचा ऊसही पांढरा पडतो, तर दुसरीमुळे रोगट बेणे एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते.

सारखी दिसणारी लक्षणे : लोहाच्या अभावी कोवळ्या पानांतील हरितद्रव्य कमी होते. प्रथम शिरा हिरव्या राहून त्यांमधील भाग पिवळा पडतो आणि अभाव तीव्र झाल्यास सर्व पान पांढरे होते. परंतु फुटव्यांची संख्या भरमसाट वाढत नाही. हा विकार शेतात जमिनीच्या पोतानुसार पट्ट्यापट्ट्याने दिसतो आणि फेरस सल्फेटाचा विरल विद्राव पानांवर फवारल्यास पाने पुन्हा हिरवी होऊ लागतात.

गवताळ वाढीची रोगट बेटे याउलट निरोगी बेटांमध्ये विखुरलेली असतात. एकाच सरीत एक बेट पांढरे व बारीक फुटव्यांचे, तर त्याला लागून असलेले दुसरे पूर्ण निरोगी असे दृश्य दिसते. लोहाच्या फवारणीने रोगट बेट सुधारत नाही. काही वेळा रोग उशिरा प्रकट होतो. तेव्हा उभ्या उसाच्या कांड्यांवरील डोळे अकाली फुटून त्यांतून पांढरट कोंब बाहेर पडतात. खोडव्यात ही लक्षणे लागणीच्या उसापेक्षा अधिक ठळक असतात.

चाबूक काणी या कवकजन्य रोगातही बेटातून गवतासारखे बारीक फुटवे निघतात. मात्र पुढे शेंड्यातून काळ्या बीजुकांनी भरलेला चाबकासारखा पट्टा बाहेर पडतो व निदान निश्चित होते. मोझाइक या विषाणुजन्य रोगात पानांवर फिकट व गडद हिरव्या रंगांचे ठिपके आणि रेषा दिसतात, पण पान एकसारखे पांढरे होत नाही. तात्पर्य, केवळ पानाच्या रंगावरून रोगाचे नाव ठरविता येत नाही. त्यासाठी संपूर्ण बेटाची ठेवण, शेतातील रोगट बेटांची मांडणी आणि बेण्याचा पूर्वेतिहास या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

संशोधनाचा इतिहास : उसाचे बेट गवतासारखे खुजे व दाट होण्याचा प्रकार जगाला प्रथम जावा बेटावरून परिचित झाला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तेथे पसरलेल्या ‘सेरेह’ या विकाराने साखर उद्योगापुढे मोठे संकट उभे केले. गवती चहाच्या स्थानिक नावावरून हे नाव पडले. जी. विल्ब्रिंक या डच संशोधिकेने १९२३ मध्ये बेण्यावर गरम पाण्याची प्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. सेरेहचे कारण निर्विवादपणे कधीच ठरले नाही. तथापि कारण ठाऊक नसतानाही बेणे तापवून रोगाला अटकाव करता येतो, ही त्यापासून मिळालेली शिकवण पुढे भारतात उपयोगी पडली.

भारतात गवताळ वाढीची नोंद १९४९ पासून असून बी. एल्. चोना यांनी १९५८ मध्ये तिचा शास्त्रीय परामर्श घेतला. १९६० मध्ये चोना, एस्. पी. कपूर, पी. एम्. वर्मा व एम्. एल्. सेठ यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. यांपैकी कपूर व वर्मा यांचे वनस्पतींच्या विषाणुरोगांवरील कार्य पुणे येथे झाले. त्या काळी रोगकारक विषाणू असावा असे मानले जाई. रोग बेण्यातून पसरतो, रोगकारक साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही आणि तो कृत्रिम माध्यमात वाढत नाही, या निरीक्षणांवरून त्या वेळच्या ज्ञानानुसार दुसरा निष्कर्ष निघणे कठीण होते. रोगाचा प्रसार माव्यामुळे होतो असेही तेव्हा नोंदले गेले.

ही समजूत बदलण्यास जपानमधील एक शोध कारणीभूत झाला. १९६७ मध्ये योजी दोई व त्यांच्या सहकाऱ्यांना तुतीच्या खुजेपणासारख्या रोगांत वनस्पतीच्या परिकाष्ठात (अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकात) कोशिकाभित्ती नसलेले सूक्ष्मजीव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आढळले. त्याच वर्षी टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाने अशा रोगांची लक्षणे तात्पुरती ओसरतात असेही दिसून आले. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नसल्याने हा पुरावा महत्त्वाचा होता. १९७१ मध्ये गवताळ वाढही याच वर्गातील असावी असे सुचविण्यात आले आणि १९७३ मध्ये भारतीय व जपानी शास्त्रज्ञांनी रोगट उसात असे सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. या गटात स्वतः दोई यांचाही समावेश होता. या सूक्ष्मजीवांना पुढे ‘फायटोप्लाझ्मा’ हे नाव मिळाले. ते परिकाष्ठातील रस शोषणाऱ्या तुडतुड्यांमार्फत पसरतात असे सिद्ध झाल्यावर प्रसाराविषयीची जुनी कल्पनाही मागे पडली.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून पॉलिमरेज साखळी विक्रियेच्या साहाय्याने रोगकारकाचे डीएनए ओळखणे शक्य झाले. त्यामुळे बाह्य लक्षणे न दाखविणाऱ्या उसातील संसर्गही प्रयोगशाळेत कळू लागला. २०२१ मध्ये पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी या रोगकारकाचे ‘कॅन्डिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकॅरी’ असे स्वतंत्र नामकरण केले. ज्या सूक्ष्मजीवांचे शुद्ध संवर्धन करता आलेले नाही त्यांच्या नावामागे ‘कॅन्डिडेटस’ हे पद जोडतात.

चुकीच्या निदानाचे परिणाम : लोहाच्या अभावाला रोग समजल्यास चांगली बेटे उपटली जातात. हे नुकसान त्या हंगामापुरते असते. रोगाला लोहाचा अभाव समजल्यास मात्र फवारणीचा खर्च वाया जातो, रोगट बेटे उभी राहतात आणि त्या शेतातील बेणे पुढील लागवडीसाठी वापरले जाते. सुरुवातीस दाट फुटव्यांमुळे बेट जोमदार भासते, त्यामुळे ही चूक सहज होते. आडसाली ऊस दीड वर्षाच्या सुमारास शेतात असतो. ज्या शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न एक-दोन एकर उसावर अवलंबून असते, त्याला लागणीची तूट व त्यामागून खोडव्याची तूट अशी दुहेरी झळ बसते आणि त्याच्याकडून बेणे नेणाऱ्यालाही तीच झळ पोचते.

नियंत्रण : रोग झालेले बेट बरे करण्याचा शेतात वापरता येईल असा उपाय उपलब्ध नाही. टेट्रासायक्लिनाने लक्षणे काही काळच दबतात. त्यामुळे सर्व भर बेण्याच्या शुद्धतेवर दिला जातो. बाष्पयुक्त उष्ण हवेत ५४° से. तापमानास ४ तास किंवा गरम पाण्यात ५०° से. तापमानास २ तास बेणे ठेवल्यास रोगकारकाचा बव्हंशी नाश होतो. मात्र उष्णतेमुळे उगवण काहीशी घटते. म्हणून ही प्रक्रिया सर्व बेण्यावर न करता मूलभूत बेण्यावर करून त्यापासून पायाभूत व नंतर प्रमाणित बेणे तयार करण्याची त्रिस्तरीय पद्धत रूढ झाली आहे. सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्र (स्थापना १९३२) व पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) या संस्थांनी शुद्ध बेण्याच्या प्रसाराचे कार्य केले आहे. ऊतकसंवर्धनाने तयार केलेली रोपेही मूलभूत बेण्यासाठी वापरतात.

शेतकऱ्याच्या पातळीवर बेणेमळ्याची वारंवार पाहणी करणे, रोगट बेट दिसताच मुळासकट काढून नष्ट करणे व रोगट उसाचा खोडवा न राखणे हे उपाय परिणामकारक ठरतात. शंका असल्यास पांढऱ्या बेटांवर फेरस सल्फेट फवारून दोन आठवडे वाट पाहणे ही शेतावर करता येण्याजोगी सोपी परीक्षा होय. पान हिरवे झाले, तर दोष जमिनीत आहे. ते पांढरेच राहून बारीक फुटवे वाढत गेले, तर दोष बेण्यात असण्याचा संभव मोठा असतो आणि त्या शेतातील एकही टिपरी लागवडीस वापरणे इष्ट नाही.