रस्ता, रेल्वे आणि राहतं घर : व्हँकुव्हरच्या बायकांची गोष्ट



गावात मोजणीची माणसं आली, त्यांनी कडेला खुंट्या ठोकल्या, दगडांवर लाल रंगाने आकडे लिहिले, की आपल्या पोटात गोळा येतो. कुणाची विहीर जाणार, कुणाचं अंगण जाणार? आणि हे विचारायचं तरी कुणाला? आज मी अशाच खुंट्यांची गोष्ट सांगणार आहे. पण ती आपल्याकडची नाही. कॅनडा देशाच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठी व्हँकुव्हर नावाचं मोठं शहर आहे, तिथली ही गोष्ट. तिथे साठ-सत्तर वर्षांपासून एक वाद चालू आहे. रस्ते आणि रेल्वे कुठून न्यायची, कुठल्या जमिनीवर कसली घरं बांधू द्यायची, आणि हे ठरवताना कुणाला विचारायचं? या वादात बायकांनी फार मोठं काम केलं आहे, म्हणून तो आपण समजून घेऊ.

व्हँकुव्हरमध्ये स्ट्रॅथकोना नावाची जुनी वस्ती आहे. लाकडी घरं, लहान लहान परसबागा, जवळच चिनी लोकांचा बाजार. इथे बरीच कुटुंबं मूळची चीनमधून आलेली. त्यांनी फार सोसलं होतं. १९०३ पासून कॅनडात येणाऱ्या चिनी माणसाला ५०० डॉलर डोईपट्टी भरावी लागे. १९२३ मध्ये तर कायदा करून चिनी लोकांना येणंच जवळजवळ बंद केलं. बाप इकडे, बायको-मुलं तिकडे, असे कित्येक संसार वर्षानुवर्षं तुटलेले राहिले. तो कायदा १९४७ मध्ये रद्द झाला. शहराच्या निवडणुकीत चिनी माणसाला मत देता आलं ते १९४९ पासून.

म्हणजे जरा कुठे घडी बसत होती, तोवर १९५०च्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेने ठरवलं की ही वस्ती जुनाट झाली आहे, ती पाडायची. काही घरांच्या जागी सरकारी इमारती बांधायच्या. पुढे याच भागातून शहराच्या मध्यापर्यंत मोठा द्रुतगती मार्ग न्यायचाही बेत झाला. मग वस्तीतल्या रस्त्यांची डागडुजी थांबली, घर दुरुस्त करायला परवाना मिळेना. दुरुस्ती होऊ द्यायची नाही आणि मग म्हणायचं, बघा, घरं किती वाईट आहेत! १९६०च्या दशकात दोन टप्प्यांत बरीच घरं पाडली गेली, हजारो माणसं हलवली गेली. जे पैसे मिळत, त्यांत दुसरीकडे तसं घर येत नव्हतं. कागद यायचे ते इंग्रजीत. म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येत नसत.

तिसऱ्या टप्प्यात उरलेली घरं जाणार होती. त्यांत मेरी ली चॅन या बाईंचं घर होतं. त्या व्हँकुव्हरमध्येच जन्मलेल्या. त्या आणि त्यांची मुलगी शर्ली दारोदार फिरू लागल्या. शर्ली तेव्हा कॉलेजात शिकत होती. आई शेजाऱ्यांशी चिनी बोलीत बोलायची, मुलगी इंग्रजी कागदांचा अर्थ सांगायची. सह्या गोळा झाल्या. डिसेंबर १९६८ मध्ये वस्तीची सभा भरली आणि संघटना उभी राहिली. तिचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा : स्ट्रॅथकोना घरमालक आणि भाडेकरू संघटना. मालकही आत, भाडेकरूही आत. गल्लीगल्लीत एकेक जबाबदार माणूस नेमला. पत्रकं दोन्ही भाषांत निघायची. पुढाऱ्यांना जेवायला बोलवायचं आणि वस्ती फिरवून दाखवायची, हाही त्यांचा एक मार्ग होता.

त्यांच्या बाजूने काही शिकलेली माणसंही उभी राहिली. डार्लीन मार्झारी ही तरुण बाई नगरपालिकेच्या नोकरीत होती. तिला पाठवलं होतं घरं सोडणाऱ्या लोकांना हलवायला, पण ती लोकांचं ऐकून त्यांच्याच मदतीला लागली. मार्गारेट मिचेल या समाजसेविका संघटनेच्या सोबत होत्या. पुढे त्या खासदार झाल्या. १९८२ मध्ये त्यांनी संसदेत नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीचा प्रश्न मांडला तेव्हा सभागृहातले काही पुरुष हसले होते आणि देशभरातल्या बायका त्या हसण्यावर संतापल्या होत्या. तीच ही बाई. संघटनेला सल्ला देणारा माइक हारकोर्ट नावाचा तरुण वकील पुढे व्हँकुव्हरचा महापौर आणि नंतर प्रांताचा मुख्यमंत्री झाला.

या धडपडीचा परिणाम झाला. पाडापाडीसाठी मोठा पैसा दिल्लीसारखा तिथल्या केंद्र सरकारकडून, ओटावाहून येत असे. केंद्राचे मंत्री पॉल हेलियर १९६८ मध्ये देशभर फिरून अशा योजना बघत होते. त्यांनी नव्या पाडकामाचा पैसा थांबवला. त्यांच्या जागी आलेले मंत्री रॉबर्ट अँड्रास यांनी १९६९ मध्ये सांगितलं की लोकांना बरोबर घेतल्याशिवाय स्ट्रॅथकोनासाठी केंद्राचा पैसा मिळणार नाही. मग एक समिती झाली. तीत केंद्र, प्रांत, नगरपालिका आणि चौथी ही संघटना. पाडण्याऐवजी घरं दुरुस्त करायला अनुदान आणि कर्ज द्यायचं ठरलं. द्रुतगती मार्गाला तर शहरभरातून विरोध झाला होता. तो बेतही बारगळला. आजही व्हँकुव्हरच्या मध्यभागातून असा मार्ग जात नाही.

पण मैत्रिणींनो, सगळ्यांची घरं वाचली नाहीत. स्ट्रॅथकोनाच्या कडेला होगन्स अ‍ॅली नावाची गल्ली होती. तिथे काळ्या लोकांची वस्ती, त्यांच्या खानावळी, त्यांचं चर्च. त्या मार्गाचा एकच तुकडा बांधून झाला, तो म्हणजे १९७२ मध्ये उघडलेले दोन उड्डाणपूल. त्यांच्यासाठी ही गल्ली गेली. मार्ग पुढे झालाच नाही, पण गेलेली वस्ती परत आली नाही. २०१५ मध्ये नगरपालिकेने ते पूलच पाडायचं ठरवलं. २०१९ मध्ये त्या जागेजवळ गरजूंसाठी घरं बांधली आणि त्यांना त्या वस्तीतल्या नोरा हेंड्रिक्स या बाईंचं नाव दिलं. नाव दिलं हे चांगलंच झालं. पण मोडलेला शेजार नावाने भरून येत नाही.

आणखी एक प्रसंग सांगते. जुनी घरं पाडून ज्या सरकारी इमारती बांधल्या, त्यांतली एक वसाहत रेमर. घरं बांधली, पण मुलांची शाळा रेल्वेच्या रुळांपलीकडे. रोज सकाळी मालगाड्यांमधून वाट काढत पोरं शाळेत जायची. आयांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. काही झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये त्या स्वतःच रुळांवर जाऊन उभ्या राहिल्या. शाळेच्या वेळी गाड्या सोडणार नाही, असं आश्वासन मिळालं. ते मोडलं गेलं, तशा त्या पुन्हा रुळांवर आल्या. पुढे तर तिथे तंबू ठोकले. शेवटी पादचारी पूल बांधला गेला. घर कुठे बांधायचं हे ठरवणाऱ्याने त्या घरातल्या आईला एकदा विचारलं असतं, तर ही वेळच आली नसती.

आता रेल्वेकडे येऊ. मोठा मार्ग झाला नाही, तर वाढत्या शहरातली माणसं कामाला जाणार कशी? १९८५च्या डिसेंबरमध्ये तिथे स्कायट्रेन सुरू झाली. खांबांवरून धावणारी, चालकाशिवाय चालणारी गाडी. तिचा बराचसा मार्ग जुन्या ट्रामच्या जागेवरूनच नेला होता. पुढे ती नदीपलीकडे सरी या शहरापर्यंत गेली, विमानतळापर्यंत गेली, आणि आता आणखी लांब नेण्याचं काम चालू आहे. चांगलीच गोष्ट. पण जिथे स्टेशन येतं, तिथे जमिनीचा भाव चढतो. हे आपल्यालाही काही नवं नाही.

इथे जमिनीच्या वापराच्या नियमांची गोष्ट येते. आपल्याकडे शेतजमिनीवर घर बांधण्याचे काही नियम असतात. तिकडे शहरात याहून बारीक नियम असतात. या गल्लीत दुकान चालेल, त्या गल्लीत चार मजले चालतील, आणि पलीकडे एका प्लॉटवर एकच घर. व्हँकुव्हरमध्ये राहत्या जमिनीचा फार मोठा भाग बरीच वर्षं असा एका-कुटुंबाच्या-एका-घरासाठी राखलेला होता. शॉनेसी नावाच्या श्रीमंतांच्या वस्तीसाठी तर प्रांताने १९२२ मध्ये खास कायदा केला : प्लॉटचे तुकडे करायचे नाहीत, एका प्लॉटवर एकच घर. जवळच्या वेस्ट व्हँकुव्हरमध्ये काही खरेदीखतांत स्पष्ट लिहिलेलं असे की आशियाई किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाने इथे राहायचं नाही. नोकर म्हणून राहिला तर चालेल! गावाची वेस कशी आखली जाते हे जिला ठाऊक आहे, तिला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

म्हणजे बघा, मेरी चॅनच्या वस्तीत एकेका घरावर बुलडोझर चालला, आणि श्रीमंतांच्या वस्तीत एका घराची दोन घरंही होऊ दिली नाहीत. मग शहरात येणाऱ्या नव्या माणसाने राहायचं कुठे? उंच इमारती उभ्या राहिल्या त्या स्टेशनांजवळ, आणि पुष्कळदा तिथेच, जिथे साधी माणसं भाड्याने राहत होती.

शेजारच्या बर्नाबी शहरात मेट्रोटाउन स्टेशनभोवती तीन मजली जुन्या चाळवजा इमारती होत्या. भाडं परवडणारं होतं. नियम बदलून तिथे उंच मनोरे बांधू दिले, आणि एकामागून एक जुन्या इमारती पाडल्या गेल्या. भाडेकरू रस्त्यावर आले. मोर्चे निघाले. २०१८च्या निवडणुकीत सोळा वर्षं महापौर असलेला माणूस हरला, आणि घरांचा प्रश्न हे त्याचं एक मोठं कारण होतं. त्यानंतर बर्नाबीने नियम केला : इमारत पाडायची तर बिल्डरने भाडेकरूला मधल्या काळात मदत करायची, आणि नवी इमारत झाली की तिथे जुन्या भाड्याच्या हिशेबात परत यायचा हक्क द्यायचा. हा नियम आधी असता, तर किती संसार उठले नसते.

रेल्वे वाढवायलाही सगळे राजी होते असं नाही. २०१५ मध्ये त्या भागातल्या लोकांना टपालाने मत विचारलं : बस आणि रेल्वे वाढवण्यासाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवू का? सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. गाडी हवी होती, पण पैसे नीट वापरले जातील यावर अनेकांचा भरवसा नव्हता.

मग २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने नवे कायदे केले. एका घराच्या प्लॉटवर आता तीन-चार घरं बांधता येतील, वारंवार बस येते तिथे सहापर्यंत. स्कायट्रेन स्टेशनपासून ८०० मीटरच्या आत निदान आठ मजल्यांपर्यंत बांधू द्यायचं, आणि अगदी लगत, २०० मीटरच्या आत, वीस मजल्यांपर्यंत. आणि शहराच्या आराखड्याला धरून असलेल्या घरबांधणीसाठी प्रत्येक वेळी जनसुनावणी घ्यायची नाही.

यावर तिथे दोन तट पडले आहेत. एक बाजू म्हणते, सुनावणीला कोण येतं? ज्याचं घर आधीच आहे तो. भर दुपारी-संध्याकाळी कामावर असलेली, लेकराला घेऊन बसमध्ये लटकणारी बाई येत नाही. जिला अजून घरच मिळालं नाही, ती तर येऊच शकत नाही. त्यामुळे सुनावणीत नेहमी 'आमच्या गल्लीत नको' हेच ऐकू येतं. दुसरी बाजू म्हणते, आम्हाला न विचारता वस्त्या पाडल्या होत्या, हे विसरलात का? विचारणं बंद केलं की पहिला घाव गरिबावर पडतो.

मला दोघींचंही खरं वाटतं. म्हणूनच मला त्या जुन्या संघटनेचं नाव आठवतं. तिच्यात मालक होते आणि भाडेकरूही होते. विचारायचं ते दोघांनाही, आणि खुंट्या ठोकायच्या आधी. सुनावणीला फक्त मालक बसले तर ती वेस राखायचं साधन होते. सुनावणीच नसली तर पहिला घाव गरिबावर पडतो.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोलून बघा. आपल्या भागात रस्ता, स्टेशन किंवा नवी वसाहत येणार असेल, तर नकाशा कुणी पाहिला आहे? तो आपल्या भाषेत समजावून सांगितला आहे का? आणि जिच्या नावावर सातबारा नाही, जी दुसऱ्याच्या जागेत राहते, तिला त्या सभेत कुणी बोलावलं आहे का? नसेल, तर मेरी चॅनसारखं तिच्या दारापासून सुरुवात करा. सोबत एखादी शिकणारी मुलगीही घ्या.