फोनचे सर्वाधिकार कोणाचे?

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपभोवती भिंत असते. एकाला दुसऱ्याची गुपिते वाचता येत नाहीत. फोन ‘रूट’ केला, की मालक सर्वाधिकारी होतो. पण तो ज्या ॲपला हे अधिकार देईल, त्यालाही भिंत ओलांडता येते.

म्हणूनच २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड पेने रूट केलेले फोन नाकारले. २०१६ मध्ये जॉन वू यांचे ‘मॅजिस्क’ आले आणि रूट लपवणे सोपे झाले. २०२१ मध्ये वू गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात रुजू झाले. मॅजिस्कमधील लपवण्याची सोय काढली गेली. पुढे साक्ष थेट फोनच्या चिपकडून मागितली जाऊ लागली.

मात्र कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनवर लिनिएजओएस बसवून सुरक्षा अद्ययावत राखणाराही याच कसोटीत अडतो. ठेव सुरक्षित राहते, मालकी संकोचते.