मारुती कांबळे बर्लिनला जाऊन आला : एका संथ चित्रपटाचे दोन निकाल

दीर्घ धागा आहे. निवांत वाचावा.

एकच चित्रपट, तीच रिळे, तेच नट. पहिल्या खेपेस प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली आणि चित्रपटगृहांनी तो उतरवला. काही महिन्यांनी तोच चित्रपट पुन्हा लागला, चालला आणि त्यातला एक प्रश्न मराठी भाषेत वाक्प्रचारासारखा रुळला. चित्रपटाचे नाव ‘सामना’. दैनिक नव्हे, ते १९८८ साली निघाले. हा त्याच्या कितीतरी आधीचा, डॉ. जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट. सन काही ठिकाणी १९७४ असा आढळतो, काही ठिकाणी १९७५. त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. त्याचा जन्म १९७४चा आणि बोलबाला १९७५चा.

हा विषय आज काढण्याचे निमित्त एक स्पॅनिश चित्रपट आहे. रोद्रिगो सोरोगोयेन यांचा ‘आस बेस्तास’ २०२२ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि पुढे स्पेनच्या गोया पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटासह नऊ पुरस्कार घेऊन गेला. गॅलिसियातील ओसाड पडत चाललेल्या खेड्यात एक फ्रेंच जोडपे शेती करायला येते, पवनचक्क्यांच्या पैशावरून शेजाऱ्यांशी वैर होते आणि एके दिवशी नवरा नाहीसा होतो. पुढचा मोठा भाग त्याच्या बायकोच्या शोधाचा. हे बेतले आहे एका घडलेल्या घटनेवर : सान्तोआया नावाच्या वाडीत राहणारे एक डच गृहस्थ २०१० मध्ये बेपत्ता झाले आणि त्यांचे अवशेष २०१४ मध्ये सापडले. चित्रपट पाहून मंडळींत सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, श्वास रोखून पाहिला. दुसरा म्हणतो, दोन तास माणसे दारू पीत बसली आहेत, काही घडतच नाही.

हे दुसरे वाक्य मराठी प्रेक्षकाने पन्नास वर्षांपूर्वी ‘सामना’विषयी उच्चारले होते.

आता प्रेक्षकाची बाजू आधी ऐकू. त्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. १९७५चा मराठी प्रेक्षक ‘ग्रामीण चित्रपट’ हे शब्द ऐकून काय घेऊन चित्रपटगृहात शिरत होता? १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ची आठवण ताजी होती, पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. (नाशिककरांनो, आपल्या विजयानंदशी गल्लत नको.) खेडे म्हणजे फड, ढोलकी, लावणी, इरसाल पाटील आणि शेवटी न्याय. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून त्यात दादा कोंडके यांनी हास्याची भर घातली होती. ‘पांडू हवालदार’ तर याच १९७५ सालचा. खेड्याची ही ओळख खोटी नव्हती. ती एका भरभराटीच्या चित्रप्रकाराची ओळख होती आणि तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला ती मिळण्याची खात्री असे.

त्यात निळू फुले. १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेले अण्णांपासून त्यांचा बेरका पुढारी महाराष्ट्राला पाठ होता. डॉ. श्रीराम लागू म्हणजे ‘नटसम्राट’चे गणपतराव बेलवलकर. अशा दोघांना समोरासमोर उभे केल्यावर प्रेक्षकाने आतषबाजीची अपेक्षा धरली, तर त्याचे काय चुकले?

पडद्यावर मात्र भलतेच घडत होते. एक दारुडा, एके काळचा स्वातंत्र्यसैनिक, गावात येऊन पडतो. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील त्याला घरी आणतात. हा कोण, कुणी पाठवला, याची त्यांना शंका आहे. म्हणून त्याला ठेवून घेतात, खाऊ घालतात, पाजतात, आपला पसारा हिंडून दाखवतात. सगळे त्याला मास्तर म्हणू लागतात. मग मास्तरांच्या कानावर एक नाव पडते. मारुती कांबळे, फौजेतून परतलेला माणूस. तो आता गावात नाही. त्याचे काय झाले, हे कुणी सांगत नाही.

बस्स, एवढेच. हाणामारी नाही, पाठलाग नाही. निळू फुले आवाज चढवत नाहीत. हिंदुराव अतिथ्यशील आहेत, विनोदी आहेत, कर्तबगार तर आहेतच. मास्तरांना ते खरोखरच आवडू लागतात, आणि इथेच विजय तेंडुलकरांच्या लेखणीची खरी मेख आहे. मारुतीचे काय झाले असावे, याचा अदमास प्रेक्षकाला लवकरच येतो. ताण उत्तराचा नाहीच. ज्या गावाला उत्तर ठाऊक आहे, त्या गावात ते उच्चारील कोण, हा ताण आहे. खुर्चीत बसलेला प्रेक्षकही त्या गावकऱ्यांपैकीच एक होतो : जाणतो आणि गप्प बसतो. असे अवघडून बसण्यासाठी फार थोडे लोक तिकीट काढतात.

ही मंडळी अशा धाडसाला नवखी नव्हती. १९७२च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे तेंडुलकर, जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि नट मोहन आगाशे इथे पुन्हा एकत्र होते, आगाशेच मारुती कांबळे झाले. स्मिता पाटील यांचीही एक सुरुवातीची भूमिका यात आहे. पैसा उभा करणारे निर्माते रामदास फुटाणे पेशाने चित्रकला शिक्षक. म्हणजे दौंडला दवाखाना चालवणारा बालरोगतज्ज्ञ दिग्दर्शक आणि शाळेत चित्रकला शिकवणारा निर्माता! मराठी चित्रपटाच्या इतिहासात असे योग विरळाच.

आता जरा भूगोल पाहू, कारण तो कळल्याविना हिंदुराव कळत नाहीत. नाशिकच्या द्वारका चौकात उभे राहा. मुंबई–आग्रा महामार्ग तिथून जातो आणि पुण्याचा रस्ता तिथूनच फुटतो. हा पुणे रस्ता सिन्नर ओलांडून संगमनेरला उतरतो. तिथून प्रवरेच्या काठाकाठाने खाली गेले की लोणी. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून तिथला सहकारी साखर कारखाना १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला. सावकारीने पिचलेल्या मुलखात शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना उभारणे ही त्या काळातली अपूर्व गोष्ट होती. ऊस घेऊन निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रक आपल्या निफाडच्या रस्त्यांनीही पाहिले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. कारखाना, बँक, दूधसंघ, शाळा आणि परिषद या साऱ्यांच्या चाव्या हळूहळू एकाच घराच्या खुंटीला लागू लागल्या. सगळीकडे असे झाले नाही, हे नीट ध्यानात असू द्या. परंतु जिथे झाले, तिथला माणूस म्हणजे हिंदुराव. तो जुना वतनदार नव्हे. निवडून येणारा, गाव सुधारणारा, उपकार करणारा आणि म्हणूनच ज्याला प्रश्न विचारणे कठीण, असा तो नवा धनी. याच काळात तेंडुलकर श्याम बेनेगल यांच्यासाठी ‘निशांत’ही लिहीत होते, त्यातले जमीनदार मात्र जुन्या, १९४५च्या तेलंगणातले. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत. सत्तेची दोन घराणी एकाच लेखकाने कशी वेगवेगळी वाचली ते दिसते.

आणि आडनाव. ‘कांबळे’ हे आडनाव मराठी कानाला जे सांगायचे ते सांगून जाते. चित्रपट त्यावर भाषण करीत नाही. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली होती. त्याच वर्षीच्या दुष्काळाने खेडी खिळखिळी केली होती. १९७४ मध्ये अकोला जिल्ह्यातील ढाकळी येथे गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. गावात असे घडते आणि गाव गप्प राहते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक होते. ठाऊक असलेले पाहायला पुन्हा चित्रपटगृहात जायचे का, हा प्रश्न वेगळा.

तर चित्रपट पडला. फुटाण्यांनी तो बर्लिन महोत्सवाकडे धाडला आणि तिथे तो थेट मुख्य स्पर्धेत घेतला गेला. आता तारखा पाहा. बर्लिनचा पंचविसावा महोत्सव २७ जून १९७५ रोजी सुरू झाला. त्या वर्षांत तो उन्हाळ्यातच भरत असे. भारतात आणीबाणी पुकारली गेली २५ जूनच्या रात्री. नाहीशा झालेल्या माणसाविषयी विचारत राहणाऱ्या मास्तरांची कथा पश्चिम बर्लिनच्या पडद्यावर गेली तेव्हा मायदेशी माणसे रातोरात घरातून उचलली जात होती आणि वृत्तपत्रांवर पहारा बसला होता. हा योगायोगच. चित्रपट आणीबाणीआधीचा, त्यात आणीबाणी शोधणे हा कालविपर्यास ठरेल. पण प्रेक्षक कालविपर्यासाला भीत नाही. तो ज्या दिवशी पाहतो, त्या दिवसाचा चित्रपट पाहतो.

सुवर्ण अस्वल त्या वर्षी मार्ता मेसारोश यांच्या ‘अ‍ॅडॉप्शन’ या हंगेरियन चित्रपटाला मिळाले. तोही संथ, प्रांतीय गावातला, एका एकट्या बाईचा. ‘सामना’ बक्षिसावाचून परतला, परंतु नवी ओळख घेऊन. पुन्हा लागला आणि या वेळी लोक आले. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटही ठरला.

का आले? सोपे उत्तर : परदेशी शिक्का. आपल्याकडे पिकते ते आपल्याला विकत नाही, ही जुनी खोड आहेच, आणि तिचा वाटा मी नाकारीत नाही. पण शिक्क्यावर तिकिटे खपतात. वाक्प्रचार घडत नाहीत. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न भाषणांत, अग्रलेखांत, पारावरच्या गप्पांत शिरला तो बर्लिनमुळे नव्हे. पहिल्या खेपेचा प्रेक्षक गोष्ट पाहायला गेला होता आणि त्याला प्रश्न मिळाला. दुसऱ्या खेपेचा प्रेक्षक प्रश्न ऐकूनच गेला. काय पाहायचे हे ठाऊक असलेल्या माणसाला तोच संथपणा जाचत नाही, कारण प्रत्येक शांत क्षणात तो वाट पाहत असतो : आता बोलेल कुणी? आणि आणीबाणीच्या महिन्यांत बेपत्ता माणसाची चौकशी हा केवळ पडद्यावरचा विषय उरलेला नव्हता. केरळात १९७६ मध्ये राजन नावाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी वसतिगृहातून नेले. तो परतला नाही. त्याचे वडील ईच्छर वारियर, पेशाने प्राध्यापक, हाच प्रश्न घेऊन १९७७ मध्ये उच्च न्यायालयात गेले. मुलाची वाट पाहणाऱ्या बापावर १९८९ मध्ये शाजी करुण यांनी ‘पिरवी’ काढला. तोही संथच आहे, आणि त्याच्या संथपणाला नावे ठेवण्याचे धैर्य मला होत नाही.

मिशाएल हानेके यांच्या ‘द व्हाइट रिबन’ने २००९ मध्ये कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचे जर्मन खेडे, एकामागून एक क्रूर प्रकार आणि शेवटी निश्चित उत्तर नाही. त्यावरही ‘मग केले कुणी?’ अशी चिडचीड झाली. ‘फँड्री’च्या अखेरीस प्रेक्षकांवर भिरकावलेला दगड आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. तिथे गंमत म्हणून हसत असलेले प्रेक्षागृह त्या एका क्षणात गप्प होई. चारही ठिकाणी, गॅलिसियापासून अकोळनेरच्या वेशीपर्यंत, खटला पाहणाऱ्यावरच चालतो.

‘सामना’चा शेवट सांगत नाही. पाहा. मात्र फोनवर तुकड्यातुकड्यांनी नको, एका बैठकीत. मध्येच थांबवला तर हिंदुरावांचे पाहुणे होण्यातली ती सुखद गुंगी चढत नाही, आणि ती चढल्याशिवाय मास्तरांची उतरणे कळत नाही.

ज्यांना इतिहासाचे काम हाताने करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी एक उद्योग. १९७५-७६चे ‘गावकरी’ किंवा पुण्या-मुंबईच्या दैनिकांचे अंक जिथे मिळतील तिथे मिळवा. नाशिककरांनी १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन विचारण्यापासून आरंभ करावा. चित्रपटांच्या जाहिरातींचा रकाना काढा. ‘सामना’ कोणत्या चित्रपटगृहात किती खेळ चालला, कधी उतरला, पुन्हा कधी चढला, हे वहीत तारीखवार उतरवा. जाहिरातीत ‘बर्लिन’ हा शब्द केवढ्या टायपात आहे आणि मारुती कांबळेचा प्रश्न केवढ्या, तेही मोजा. कोणाला जाहिरात सापडली तर या धाग्याखाली छायाचित्र जोडावे, अंकाची तारीख न विसरता.