लालबागच्या एका जीपगाडीची इंधनवही

मंडळाच्या एका मागील सभेंत आम्हीं लालबाग येथील एका जीपगाडीच्या इंधनवहीवर अल्पसें टिपण वाचलें होतें. पेट्रोलचें इंजिन काढून त्या जागीं डिझेलचें बसविल्यावर ती गाडी एका लिटरांत पूर्वीच्या सव्वादोन पटींहून अधिक चालूं लागली, असा निष्कर्ष आम्हीं त्यांत काढला होता. तो निष्कर्ष चुकीचा आहे. चूक वहीची नसून वाचणाराची आहे. त्या टिपणाच्या आधारें दोघां-तिघां सभासदांनीं आपापल्या संग्रहांतील वह्यांवर तोच हिशेब लावल्याचें कळल्यामुळें दुरुस्ती करण्यास अधिक विलंब लावणें योग्य नव्हे.

प्रथम साधनाचें वर्णन. वही लांबट, लाल कापडी बांधणीची असून आरंभींचीं कांहीं पानें गहाळ आहेत. उपलब्ध नोंदी १९५९ पासून १९८४ पर्यंतच्या आहेत. अक्षर बहुतेक एकाच हाताचें. शेवटचीं थोडीं पानें दुसऱ्या हाताचीं. रकाने पांच : तारीख, मीटर, भरलें, रुपये व शेरा. आंकडे बाळबोध आहेत, पण शेऱ्याच्या रकान्यांत लेखक मधून मधून मोडींत उतरतो, विशेषतः घाईंत असला म्हणजे. वहीचे लेखक लालबागेंत मंडप घालण्याचा व्यवसाय करीत. बांबू, दोर व कनाती जीपच्या मागील ट्रेलरवर घालून ते परळ, दादर, गिरगांव येथें व क्वचित् नाशिकपर्यंत नेत. श्रावण-भाद्रपदांत वहीच्या नोंदी इतक्या दाट होतात कीं, एकेका ओळींत दोन दोन दिवस कोंबलेले आढळतात.

जीपगाडीस ट्रक म्हटल्यास कोणी हंसेल. परंतु अमेरिकन सैन्याच्या दप्तरीं तिची नोंद 'पाव-टनी ट्रक, चार-बाय-चार' अशीच आहे. १९४१ ते १९४५ या काळांत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांवर गाड्या तयार केल्या. चारही चाकांस जोर पोंचविणारी ही गाडी मुंबईंत बांधली जाऊं लागली, त्या आरंभाचें वर्ष कोणी १९४७ सांगतात, कोणी १९४९. दोहोंत वस्तुतः विरोध नाहीं. १९४५ त स्थापन झालेल्या महिंद्रा अँड महंमद या कंपनीकडे सुट्या भागांच्या रूपानें ७५ गाड्यांची पहिली खेप आली ती १९४७ त. माझगांवची जागा कारखान्यासाठीं घेतली ती १९४९ त. मधल्या काळांत, १९४८ त, कंपनीचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा असें झालें. आमच्या वहींतील गाडी यापुढील पिढीची, सी.जे.-३बी या जातीची. तिच्या इंजिनाच्या आंत घेणाऱ्या झडपा वर डोक्यांत असल्यानें इंजिन उंच झालें व त्यासाठीं बॉनेटही उंच करावें लागलें. या उंच कपाळावरून ती दुरूनही ओळखूं येते. इंजिन सुमारें २२०० घनसेंटिमीटरांचें, पेट्रोलवर चालणारें.

आतां चुकीकडे वळूं. वहीच्या पहिल्या भागांत 'भरलें' या रकान्यांत गॅलन आहेत. साठाच्या दशकाच्या आरंभीं तेथें लिटर येतात. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानें गॅलन जाऊन लिटर आला, त्याचेंच हें प्रतिबिंब. लिटर आले त्या अर्थीं मीटरचा आंकडाही किलोमीटरांचा, असें आम्हीं गृहीत धरलें. रकान्याच्या डोक्यावर नुसतें 'मीटर' लिहिलें आहे. मैल कीं किलोमीटर हें लेखकानें कोठेंच लिहिलें नाहीं. त्यास तें लिहिण्याचें कारणच नव्हतें, गाडी त्याच्या दारांत उभी होती. या गृहीतावर पेट्रोलच्या काळांतील सरासरी लिटरास ४.४ किलोमीटर निघाली व डिझेलच्या काळांतील १०.५. यावरून आमचे 'सव्वादोन पटींहून अधिक'.

पंप बदलले, परंतु गाडीच्या तबकडीवरील मैल बदलले नव्हते. हें ध्यानांत आलें तें नाशिकमुळें. वहींत नाशिकच्या खेपा अनेक आहेत व पेट्रोलच्या काळांत लालबाग ते नाशिक हें अंतर प्रत्येक वेळीं १०६ च्या आसपास पडतें. लालबागेहून निघून १०६ किलोमीटर चालणारा मनुष्य कसाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे असतो. नाशिक त्यास घाट चढून पुढें गांठावयाचें असतें. १०६ मैल म्हणजे मात्र सुमारें १७१ किलोमीटर, व तें अंतर बरोबर जुळतें. दुसरा पुरावा याहून साधा. गॅलनांच्या काळांत सरासरी गॅलनास २० पडते. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरांचा, २० मैलांस त्यानें भागिलें असतां लिटरास ४.४ मैलच येतात. आमचें पूर्वीचें वाचन खरें मानावयाचें तर, ज्या दिवशीं पंपवाल्यानें लिटरचें माप लावलें त्याच दिवशीं गाडी अचानक निकामी झाली असें मानावें लागेल. इतकी उघड गोष्ट आमच्या दृष्टीस पडली नाहीं, याची आम्हांस लाज वाटते. चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस आम्हीं मागील-पुढील संदर्भ पाहून अर्थ लावावयास शिकविलें.

सारांश, पेट्रोलच्या काळांत गाडी लिटरास सुमारें ७.१ किलोमीटर चालत होती. युद्धकालीन जीपच्या सैनिकी पुस्तिकेंत टांकी १५ गॅलनांची व एका भरण्यांत पल्ला सुमारें ३०० मैलांचा दिला आहे. म्हणजे गॅलनास २० मैल. येथेंही एक खड्डा आहे. तो गॅलन अमेरिकन, ३.७८५ लिटरांचा, त्यामुळें ते २० मैल आपल्या जुन्या गॅलनाच्या हिशेबानें २४ होतात. लिटरास साडेआठ किलोमीटर चालणारी हलकी सैनिकी गाडी व ट्रेलर ओढीत सात चालणारी लालबागची, यांत अशक्य कांहीं नाहीं. मात्र दोन्हीकडे '२०' हाच आंकडा पाहून दोहोंची चाल एकच असें कोणी म्हणूं नये.

आतां डिझेलचा काळ. १९७६ त मोडी शेरा येतो तो असा कीं, नवें इंजिन बसविलें, मीटर नवा, पिनियन दोन्ही बदलले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले होते व असा बदल करून घेणारे पुष्कळ होते. इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यांतील, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ चें, सुमारें २३५० घनसेंटिमीटरांचें. हा ट्रॅक्टर १९६३ त स्थापन झालेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया बनवीत असे. १९३९ च्या मोटार कायद्याप्रमाणें बदलाची नोंद व्हावयास हवी. नोंदणीपुस्तकांत ती आहे व इंजिनाचा क्रमांक वहींतील क्रमांकाशीं जुळतो.

शेऱ्यांतील 'पिनियन दोन्ही' या दोन शब्दांकडे आम्हीं पूर्वीं दुर्लक्ष केलें. तेही महागांत पडलें. मूळ गाडीच्या आंसांतील दांते ४३ व ८ या प्रमाणांत असतात. म्हणजे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांस चाकाची एक. मंद फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनास हें प्रमाण जाचक आहे. या गाडीच्या चाकाचा घेर सुमारें २.२ मीटर, इंजिन मिनिटास २००० फेऱ्यांवर ठेविलें तर वेग ताशीं ४९ किलोमीटर निघतो. म्हणून ३९ व ८ दांत्यांचे, म्हणजे ४.८८ चे, संच घातले. त्यानें वेग ५४ वर जातो. 'दोन्ही' यासाठीं कीं, पुढचा व मागचा आंस यांचें प्रमाण सारखें नसेल, तर चारही चाकें जोडतांच दोन्ही शाफ्ट एकमेकांशीं झुंजतात व कोठें तरी दांता तुटतो. परंतु जीपचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजीत नाहीं. तो गिअरच्या पेटीपाशीं शाफ्टच्या फेऱ्या मोजतो. आंसाचें प्रमाण बदलून मीटरचें चक्र तसेंच ठेविलें, तर गाडी प्रत्यक्षांत चालते त्याहून कमी अंतर तबकडीवर उमटतें. येथेंही साक्षीस नाशिकच आहे. १९७६ नंतर लालबाग ते नाशिक १५५ पडतें. १५५ स ४३ नें गुणून ३९ नें भागावें. उत्तर १७१ येतें. तेव्हां १०.५ हा आंकडाही खरा नव्हे, खरा ११.६ च्या जवळपास. पहिली चूक डिझेलच्या बाजूनें होती, ही दुसरी त्याच्या विरुद्ध. एकूण गुणोत्तर १.६३, दीडपटीहून थोडें अधिक.

ही वाढ सगळी इंजिनाच्या पदरीं टाकणेंही न्याय्य नाहीं. डिझेल हें पेट्रोलहून जड तेल आहे. एका लिटरांत त्याची उष्णता सुमारें बारा टक्के अधिक भरते. तेवढा भाग मापाचा. मग राहते ती सुमारें १.४५ पट. तींत डिझेल इंजिनाचा गुण निःसंशय आहे. पेट्रोलचें तें इंजिन हवा सातपटींच्या आसपास दाबतें, डिझेलचें त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय पेट्रोलच्या इंजिनांत मंद चालींत हवेची वाट आवळावी लागते, जणूं नाक दाबून धांवावयाचें. डिझेलमध्यें हवा मोकळी येते व तेलच तेवढें कमी सोडलें जातें. लालबाग-परळच्या गर्दींत, जेथें गाडी चालते त्याहून उभी अधिक राहते, तेथें हा फरक मोठा. पण वहींत आणखी एक साक्ष आहे. नाशिकच्या खेपेस पूर्वीं पावणेपांच तास लागत, पुढें सहा लागूं लागले. जीपचें तोंड भिंतीसारखें सपाट; ताशीं ७० किलोमीटरांवर तिला हवेचा जो विरोध होतो तो ५० वरील विरोधाच्या जवळजवळ दुप्पट. लांबच्या वाटेवरील बचतीचा कांहीं भाग केवळ हळू जाण्यानें झाला आहे. पेट्रोलची गाडीही सहा तासांत नाशिकला नेली असती तर तिनें कमीच खाल्लें असतें.

पुढच्या चाकांबद्दलही एक समज प्रचलित आहे. जोर मागच्या दोन चाकांवर असला तरी पुढचा आंस उगाच फिरतो व तेल खातो, म्हणून पुढचा शाफ्ट उतरवावा, असें गॅरेजवाले सांगतात. वहीलेखकानें एका उन्हाळ्यांत तो उतरविला व पावसाळ्याच्या तोंडीं चढविला. आंकड्यांत फरक दिसत नाहीं. हबांस सुटें होण्याची सोय नसेल तर शाफ्ट काढला तरी चाकांमुळें आंसांतील दांते फिरतच राहतात. वांचतें तें फार थोडें.

आमची चूक इतके दिवस टिकली याचें एक कारण येथें नमूद केलें पाहिजे. वहीलेखकाच्या घरीं सर्वांच्या तोंडीं असे कीं, डिझेल बसविल्यावर खर्च निम्म्याहून खालीं आला. आमचा ४.४ व १०.५ चा हिशेब या परंपरेशीं तंतोतंत जुळला व आम्हीं निःशंक झालों. परंपरा खरी होती. ती रुपयांविषयीं होती. मालवाहतूक व शेती यांसाठीं म्हणून डिझेल त्या काळीं पेट्रोलहून पुष्कळ स्वस्त ठेविलेलें असे. तें दोनतृतीयांश भावानें मिळालें असें उदाहरणादाखल धरलें, तर १.६३ ची दीडपट, म्हणजे सुमारें अडीचपट अंतर त्याच पैशांत कापतां येतें. रुपयांची गोष्ट लिटरांची म्हणून ऐकिली गेली. या घोटाळ्यास आपल्या बोलण्यांतील 'ॲव्हरेज' हा शब्दही कारण आहे. सरासरी या अर्थाचा हा शब्द मुंबईंत लिटरामागील अंतर या एकाच अर्थीं रूढ झाला. 'गाडी ॲव्हरेज किती देते' या प्रश्नांत सरासरी कशाची हें कोणी विचारीत नाहीं. पुढें जून २०१० त पेट्रोलचे व ऑक्टोबर २०१४ त डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणांतून सुटले व दोहोंतील अंतर पूर्वींसारखें राहिलें नाहीं. आज कोणी जुन्या वहीच्या भरंवशावर असा बदल करूं म्हणेल, तर त्यास १.६३ मिळेल, अडीच नव्हे.

ही वही आमच्या हातीं आली ती गाडी 'मूळ स्वरूपांत' आणण्याच्या खटपटींत. वहीलेखकाच्या नातवानें ऑपेरा हाउसजवळील सुट्या भागांच्या बाजारांत फिरून पेट्रोलचें जुनें इंजिन मिळविलें आहे. डिझेलचें इंजिन वजनावर भंगारांत व वही रद्दींत जाणार होती. मागाहूनचें तेवढें सर्व प्रक्षिप्त, हें मत आम्हांस मान्य नाहीं. पोथीच्या समासांतील दुसऱ्या हातच्या टीपा खरवडून काढणारास आपण संशोधक म्हणत नाहीं. गाडीच्या आयुष्याचा दीर्घ काळ त्या इंजिनावर गेला आहे. पेट्रोलचें इंजिन आतां बसलें आहे. दुसरें परळच्या एका गाळ्यांत फळ्यांवर ठेविलें आहे व त्याचें भाडें नातू देत आहे. किती दिवस देईल हें सांगतां येत नाहीं. वही त्यानें मंडळास देण्याचें कबूल केलें आहे.

ज्या सभासदांच्या संग्रहांत अशा वह्या असतील त्यांनीं लिटरांचा हिशेब करण्यापूर्वीं एखादी नेहमींची लांब खेप शोधून तिचा मीटरवरील आंकडा आधीं टिपून घ्यावा. पुण्याची खेप मात्र या कामीं धरूं नये. १९७३ च्या सुमारास ठाण्याच्या खाडीवर पूल झाला व पुण्याची वाट बरीच आंखूड झाली. नाशिकचा आंकडा मिळाल्यास तो, गाडीची जात व आंसाच्या दांत्यांची संख्या यांसह आमच्याकडे कळवावा. या वहींतील १९७६ चें एक पान फाटलेलें आहे. मीटर आधीं बदलला कीं इंजिन, हें त्यावर असावें, व त्या वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांचा हिशेब आम्हीं तोंपर्यंत वगळला आहे.