पुळणीवरचा माग

मालवणी जेवण म्हटले की सुरमई आणि कोंबडी-वडे आठवतात. जुनी माणसे रानडुकराच्या शिकारीचे वाटेही आठवतात. कासवाच्या अंड्यांविषयी मात्र आता आवाज उतरवूनच बोलले जाते.

थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री पुळणीवर येऊन शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करून परतते. खड्डा झाकला जातो, माग राहतो. पहाटे त्या मागावरून माणूस घरट्यापर्यंत पोचे. ही अंडी कितीही उकळा, पांढरा बलक घट्ट होत नाही. गरिबाघरी तो फुकटचा सकस घास होता. देवळात दगडी कासवाला हात जोडायचे आणि पुळणीवर अंडी उकरायची, यात कोणाला काही वावगे वाटत नसे!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा ठरला, तरी उकरणे चालूच राहिले. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला घरटी राखायला घेतली. पुढे वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला, देवगडात तांबळडेगलाही हे काम उभे राहिले. तिथे पहाटे माग काढणारी जुनी नजरच कामी आली. अंडी जाळीच्या कुंपणात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात आणि पाण्याकडे सरकू लागतात.