बर्कची कट्यार आणि गिलरेचा तांब्याचा पत्रा

२८ डिसेंबर १७९२. लंडनच्या कॉमन्स सभागृहात एडमंड बर्क यांनी बोलता बोलता कोटाखालून कट्यार काढली आणि सर्वांदेखत जमिनीवर भिरकावली. परदेशी लोकांवर निर्बंध घालणाऱ्या विधेयकावर चर्चा चालू होती. फ्रेंच क्रांतीचे लोण इंग्लंडात येऊन ठेपले आहे, बर्मिंगहॅमात अशा तीन हजार कट्यारींची मागणी नोंदवली गेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांनी व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचे या प्रसंगावरचे छापील चित्र विक्रीला आले. त्यात कट्यार उगारलेले बर्क आहेत, दचकलेले पंतप्रधान पिट आहेत आणि हबकलेले विरोधी पक्षाचे फॉक्स व शेरिडनही.

सभागृहातल्या बेताल वागण्याचे चित्र काढून विकायची वाट मोकळी झाली ती १७७१ साली. तोवर संसदेतली भाषणे छापणे हा हक्कभंग मानत. त्या साली काही मुद्रकांना पकडायचा हुकूम सुटला. लंडनचे लॉर्ड मेयर ब्रास क्रॉसबी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यापायी लंडन टॉवरच्या कैदेत गेले. त्यानंतर मात्र वृत्तपत्रांना अडवणे संसदेला जमले नाही. आतली हकीकत रोज बाहेर येऊ लागली आणि गिलरेच्या पिढीला विषयांची ददात उरली नाही.

आता त्या दोन दिवसांचे. तांब्यात हत्याराने रेघ कोरणे हे फार सावकाशीचे काम. म्हणून गिलरे पत्र्यावर मेणाचा थर देई, त्यात सुईने रेखाटे आणि पत्रा आम्लात बुडवी. उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खाई. सुई कागदावरच्या लेखणीसारखी सरसर चाले. छापताना डावे उजवे होते, म्हणून पात्रांच्या तोंडची वाक्येसुद्धा उलटी लिहावी लागत. त्या वाक्यांची दाटी पाहिली की त्याच्या हाताला खरोखर दंडवत घालावासा वाटतो. छापलेल्या प्रती मग हाताने रंगवत. ठशावर प्रकाशनाची तारीख घालायची ती चित्रकार हॉगार्थने झगडून मिळवलेल्या १७३५च्या कायद्यामुळे. म्हणूनच हे चित्र ३० डिसेंबरचे, हे आज सांगता येते.

विक्री होती हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानात. गिलरे त्यांच्याच घरी राही. चित्र विकत घेणे सगळ्यांना परवडत नसे, पण दुकानाच्या काचेपुढे उभे राहायला पैसे पडत नसत आणि तिथे ही झुंबड उडे. गिलरेच्या १८०५च्या एका चित्रात पिट शेरिडनरूपी बाटलीचे बूच काढताहेत आणि आतून शिळ्या कोट्या नि थापा फसफसून बाहेर येताहेत. समोरच्या बाकांवरचे खासदारही बाटल्याच.

फ्रान्समध्ये व्यंगचित्रकार दोमियेने १८३४ साली पेंगणारे, गप्पा छाटणारे, पोट सुटलेले प्रतिनिधी एका शिळाछापात बसवले. त्याआधीच राजाच्या चित्रापायी तो तुरुंगवास भोगून आला होता आणि १८३५च्या कायद्याने तर प्रत्येक राजकीय चित्राला पूर्वपरवानगी लागू झाली. इंग्लंडच्या मंत्र्यांनी वेगळा मार्ग धरला होता. १७९७पासून त्यांनी गिलरेला गुपचूप सालिना २०० पौंड सुरू केले आणि त्याच्या चित्रांचा मारा विरोधी पक्षाकडे अधिक वळला. माझ्या मते दोमियेच्या तुरुंगवासापेक्षा या पेन्शनीने व्यंगचित्रकलेचे जास्त नुकसान केले.