रानकोंबड्याच्या मानेचें पीस

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं, पोफळीच्या रानांत पहांटे रानकोंबडा आरवला, कीं आम्हांस विलायतेंतील हौशी मासेमारांचे क्लब आठवतात. वाचकांस हें विचित्र वाटेल. पण दोहोंचा संबंध एका पिसाचा आहे. या राखी पक्ष्यास १८१३ मध्यें टेमिंकनें सोनेरा या फ्रेंच प्रवाशाचें नांव दिलें. नराच्या मानेवरील पिसांच्या टोंकांस मेणासारखा चकचकीत, पिवळा-पांढरा ठिपका असतो. सामन मासा गळास लावणाऱ्यांस तो इवल्या माशाचा डोळाच भासला! गळावर रेशीम, जर व पिसें गुंडाळून ते जी कृत्रिम माशी बांधीत, तिच्या दोहों बाजूंस तें ‘जंगल कॉक’ या नांवानें बसे. केल्सनच्या १८९५ च्या ग्रंथांत अशा माश्या पुष्कळ आहेत. जिवंत आमिष लावावयाचें नाहीं, ही या खेळाची प्रौढी. पण माशीसाठीं येथें पक्षी मरे, त्याचें काय? वीण सरली कीं हीं पिसें झडतात, म्हणून पारध्यास नर तत्पूर्वींच गांठावा लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आज या पक्ष्यास आहे. विलायतेंत आतां पाळलेल्या रानकोंबड्यांचीं पिसें मिळतात. कित्येक कारागीर रंगविलेल्या साध्या पिसांवर भागवितात, आणि मासे त्यांसहि फसतात.